तुझ्या मशीनवर कसं दिसतं?

नाथा म्हात्रेच्या पेणच्या कारखान्यात गणपती घडवायला हात पुष्कळ होते, पण डोळे काढणारा हात एकच. साचे भरणं, सांधे घासणं, पांढरा मारणं, पितांबर, सोनेरी, ही सगळी कामं गडी करत. डोळ्यांची आखणी मात्र नाथा स्वतः करायचा, सकाळी अंघोळ करून, कोऱ्या धोतराने. त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकलं तरी त्याची खैर नसे. डोळे नाहीत तोवर तो माल. माल तुटला तर सांधावा, घासावा, पुन्हा रंगवावा. डोळे झाले की तो देव. मग त्याला साधा तडा गेला तरी सांधायचा नाही, भोगावती नदीत नेऊन सोडायचा. हा त्याच्या बापाचा नियम, आणि नाथाचाही.

माणूस तसा वाईट नव्हता, पण राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. चार वर्षांपूर्वी ऐन हंगामात तो तापाने फणफणला. मंडळाची मोठी मूर्ती न्यायला टेम्पो दारात येऊन उभा, आणि मूर्तीला डोळे नाहीत. शेवटी त्याच्या मुलाने, विशालने, कुंचला उचलला. डोळे असे उतरले की टेम्पोवाल्याने चपला काढून हात जोडले. गलबला ऐकून नाथा चादर पांघरून बाहेर आला. मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बादलीतला ओला फडका घेतला आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही डोळे पुसून टाकले.

"मी जित्ता हाय अजून," एवढंच म्हणाला, आणि तापातच नवे डोळे काढले.

डोळे वाईट होते म्हणून त्याने पुसले असते तर विशालला एवढं लागलं नसतं. चांगले होते म्हणूनच पुसले, हे कारखान्यातल्या पोराटोरांनाही कळलं होतं. त्याच आठवड्यात विशाल घरातून गेला. आधी मुंबई, मग दुबईला एका जाहिरात कंपनीत चित्रं करायला. आईला साडी पाठवायचा, बहिणीला दिवाळीला फोन करायचा. बापाचं नाव नाही. आणि बापाने तर घरात त्याचं नाव काढायलाच बंदी केली होती. सगुणाने, विशालच्या आईने, चार वर्षं हे कसं काढलं असेल ते तिचं तिलाच माहीत. देवापुढे बसली की तिचे ओठ हलत, आणि नाथा तेवढ्यापुरता उठून बाहेर जाई.

या दोन हट्टी माणसांच्या मधे दिपिका होती. विशालची धाकटी बहीण, रोह्याजवळच्या वरशाला दिलेली. नवरा धनेश कंपनीत शिफ्टला, आणि ती रोह्याला हैबतरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. बाप आणि भाऊ एकमेकांशी बोलावेत एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती गोष्ट सरळ मागून मिळणारी नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं.

हैबतराव म्हणजे एक वल्ली. ज्या गोष्टीतलं ओ की ठो कळत नाही ती तालुक्यात सगळ्यांच्या आधी सुरू करायची, हा त्यांचा खाक्या. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात वेबसाइट शिरली.

"पेणचे गणपती जगभर जातात," ते म्हणाले. "मग पेणच्या प्रत्येक कारखान्याची साइट पाहिजे. पहिली तुझ्या बाबांची कर. नमुना म्हणून. ती दाखवून बाकीचे पकडू."

दिपिकाने पुस्तक समोर ठेवून पानं बनवायला घेतली. आणि पुस्तकातच तिला ती गोष्ट सापडली, जी वाचून ती एकटीच हसली. पान बनवलं म्हणजे काम झालं असं नसतं, असं त्यात लिहिलं होतं. एकच पान एका मशीनवर एक दिसतं, दुसऱ्यावर दुसरं. पान दाखवणारे प्रोग्राम वेगळे, पडदे लहानमोठे, कुणाकडे रंग कमी, कुणाकडे जास्त. म्हणून निरनिराळ्या मशीनवर, निरनिराळ्या ब्राउझरमध्ये ते तपासून घ्यायचं. क्लासमध्ये दोन ब्राउझर होते. एकाच्या चित्रावर निळा ई आणि दुसऱ्यावर जहाजाचं सुकाणू, म्हणून हैबतराव त्यांना ई-वाला आणि चाकवाला म्हणत. मशीनं मात्र सगळी एकाच जातीची. मॅक नावाचं मशीन असतं म्हणे, चित्रं करणाऱ्या लोकांकडे, ते रोह्यात कुणी पाहिलंही नव्हतं.

विशालच्या टेबलावर मॅक होतं.

तिने त्याला मेल टाकली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. 'दादा, क्लाससाठी एक साइट केली आहे. तुझ्या मशीनवर कशी दिसते ते तपासून कळव. आमच्याकडे मॅक नाही.' खाली पत्ता दिला. साइट कुणाची ते लिहिलं नाही. तेवढं उघडल्यावर कळणारच होतं.

दोन दिवस काही नाही. दिपिकाचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि ते असं कोरडं की वाळत घातलेल्या बोंबलाला ओलं म्हणावं. 'पाहिलं. मथळ्याच्या जागी चौकोन आणि कंस दिसतात. तो मराठी फॉन्ट माझ्याकडे नाही. अक्षरांचं चित्र करून लाव. शेंदरी रंग इथे फिका दिसतो. उजवीकडची पट्टी लहान पडद्यावर खाली उतरते. रुंदी कमी कर.' बापाबद्दल अवाक्षर नाही. कारखान्याबद्दल नाही. पण 'पुढचं झालं की कळव' असं शेवटी होतं, आणि दिपिकाने त्या एका वाक्यावर आठवडा काढला.

तिने मथळ्याचं चित्र केलं, रुंदी कमी केली. तो परत तपासायचा, परत कळवायचा. अमुक ओळ एका बोटाने सरकली आहे. तमुक बटण चाकवाल्यात दिसतं, ई-वाल्यात अर्धं कापलं जातं. रविवारी पेणला गेली की दिपिका ते कागद चुलीपाशी आईला हळूच वाचून दाखवायची. सगुणाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण पोराने लिहिलंय म्हणून ती कौतुकाने ऐकायची.

"जेवतो का नाय, ते विचारलंस का?"

"आये, तो बटनांचं सांगतोय."

"बटनांचं सांगू दे गो. तू जेवनाचं विचार."

मग दिपिकाने पुढच्या मेलमध्ये 'आई विचारते, जेवतोस का' असं घातलं, आणि उत्तरात बटणांच्या खाली 'जेवतो' असं आलं. सगुणाने त्या एका शब्दासाठी कागद मागून घेतला आणि डब्यात ठेवला.

राहता राहिलं पहिल्या पानावरचं चित्र. गेल्या वर्षीची नाथाच्या हातची मोठी मूर्ती, समोरून, पूर्ण. फोटो स्कॅन केला तेव्हा तो एवढा जड झाला की फोनच्या लाइनवरून उतरता उतरत नसे. अर्धा गणपती यायचा आणि लाइन तुटायची. पुस्तकात उपाय होता: चित्राचे तुकडे करा आणि पानावर आखलेल्या तक्त्याच्या घरांत एकाखाली एक बसवा. तुकडा तुकडा येत जाईल, आणि आल्यावर सांधा दिसणार नाही. दिपिकाने मापाने सारख्या पट्ट्या कापल्या, बसवल्या, ई-वाल्यात पाहिल्या. सांधा खरोखरच कुठे दिसत नव्हता. तिला इतका आनंद झाला की विशालला लगेच कळवलं, पण चाकवाल्यात बघायचं राहूनच गेलं. एरवी ती असं कधी करत नसे.

आता बाबांना दाखवायचं, असं तिने ठरवलं. पण नाथा रोह्याला कशाला येतोय! सुदैवाने पेणमध्येच ओळखीच्या पुंडलिकचा छापखान्याचा गाळा होता, आणि पत्रिका छापायला त्याने नुकतंच जुनं मॅक घेतलं होतं. लाइनही होती. म्हणजे नवं मशीनही तपासून होईल आणि बाबाही बघतील. रविवारी ती नाथाला घेऊन गेली. नाथा खुर्चीत ताठ बसला, दोन्ही हात मांडीखाली घालून. हल्ली तो असाच बसायचा, पण दिपिकाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पान उघडायला लागलं. आधी मथळा आला. नाथाच्या नावाची अक्षरं बघून पुंडलिक "वा!" म्हणाला. मग मुकुट आला. कपाळ आलं. आणि मग डोळ्यांच्या बरोबर मधून एक पांढरी फट, आडवी, या कानापासून त्या कानापर्यंत. तिच्याखाली सोंड, पुन्हा फट. पोट, पुन्हा फट. ई-वाल्यात अंगभर एकसंध असलेला गणपती इथे चाकवाल्यात पट्ट्यापट्ट्यांनी तुटून उभा होता.

मूर्तिकाराच्या घरात जन्मलेली मुलगी, आणि तिने मोजपट्टी लावून देवाच्या डोळ्यांतून कात्री फिरवली होती. कापताना ते तिच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हा ते तिला चित्र वाटलं होतं.

नाथा उठला. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"खंडित मूर्ती माझ्या नावानं लावलीस?"

"बाबा, मशीनमधे तसं दिसतंय, खरी मूर्ती..."

"डोले काढल्यावर तुटलेला देव आपून घरात ठेवत नाय. तू जगाला दाखवतंस. काढ ते."

"काढते. आजच काढते. आणि मना कालच कळायला पायजे होतं. तपासनाऱ्या मानसाची मेल आली असंल, मी बघितली नाय."

पुंडलिकच्याच मशीनवर तिने मेल उघडली. विशालची मेल खरोखरच आलेली होती, आदल्या संध्याकाळची. या वेळी बटणांचं काही नव्हतं. दिपिकाने घाईघाईत ती मोठ्यानेच वाचली. 'गणपतीचं चित्र आधी काढ. तुटलेलं दिसतं आहे. डोळ्यांतून फट गेली आहे. डोळे झालेला देव असा ठेवतात का? कुणी बघायच्या आत काढ, बाकीचं नंतर बोलू.'

नाथा दारापाशी थांबला होता. तो वळला.

"कोन हा?"

"तपासनारा. परदेशात असतो."

"परदेशात ऱ्हाऊन त्याला कळतं, आनि तुला कळत नाय. बघ, मानसाला शिस्त हाय. कोनच्या घरचा?"

दिपिकाने पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिकने छताकडे पाहिलं. आणखी थापा मारायचं तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आपल्याच घरचा," ती म्हणाली. "इशालदादा हाय, बाबा."

नाथाच्या चेहऱ्यावर राग आला, तो तिने ओळखला. मग राग गेला आणि जे आलं ते तिने यापूर्वी बघितलेलं नव्हतं, म्हणून तिला ते ओळखता आलं नाही. तो पायऱ्या उतरून चालता झाला. दिपिकाने चित्र काढून टाकलं आणि तिथेच बसून रडली. पुंडलिकने समजूतदारपणे आत जाऊन उगाचच छपाईचं यंत्र सुरू केलं.

रोह्याला परतल्यावर तिने विशालला सगळं लिहिलं. चित्र काढलं. बाबांनी बघितलं. तू तपासतोस हेही त्यांना कळलं. उत्तर यायला उशीर लागला. आलं तेव्हा त्यात आधी फटीचं कारण होतं. 'तू प्रत्येक चित्रानंतर एंटर मारलं आहेस. लिहिताना नीटनेटकं दिसावं म्हणून मारलं असशील. काही ब्राउझर ती मोकळी जागा धरतात आणि तेवढी फट सोडतात. चित्र आणि तक्त्यातलं घर बंद करायची खूण एका ओळीत लिही, फट जाईल.' आणि खाली एक ओळ सोडून: 'गेल्या वर्षीचे डोळे बाबांचेच का? डावी भुवई त्यांची वाटत नाही. रेष थरथरली आहे.'

दिपिकाने मूळ फोटो बाहेर काढून भिंग लावून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. पण पुढच्या रविवारी पेणला गेली तेव्हा तिने ते आईला विचारलं. सगुणा भाकरी थापत होती, ती थांबली.

"त्याला तिकडून दिसलं?"

"काय दिसलं?"

"हात कापतो त्यांचा," सगुणा म्हणाली. "गेल्या सालापासना. डाक्टर म्हनतो वयाचं हाय. चायचा गिलास पन दोन हातांनी धरतात. कोनाला सांगायचं नाय म्हनून मना शपथ घातली. कारखान्यात जा नि बघ, यंदा एकाला तरी डोले हायत काय."

दिपिका कारखान्यात गेली. फळ्यांवर ओळीने गणपती होते, रंगवून झालेले, सोनेरी चढलेले, पितांबर लखलखीत. एकालाही डोळे नव्हते. वैशाख संपत आला होता, दुसऱ्या कारखान्यांतली आखणी कधीच सुरू झाली होती. नाथा कोपऱ्यात पाटावर बसला होता, आणि हात पुन्हा मांडीखाली होते. मांडीखाली दाबून धरलेले ते हात बघून तिला भडभडून आलं. एवढा दांडगा माणूस, आणि स्वतःच्याच हातांना लपवून बसलेला.

"चित्रातली ती फट गेली काय?" नाथाने विचारलं.

"जाईल. इशालदादानं कारन शोधलंय."

"काय होतं?"

"मी नको तिथं मोकळी जागा सोडली होती."

नाथा हनुवटीने मधल्या मोठ्या मूर्तीकडे दाखवून म्हणाला, "आता लावायचा तर याचा फोटो लाव. याला डोले नायत. परत तुटला बिटला तरी दोष नाय, सांधता येतो."

हे इतकं नाथाला साजेसं होतं की दिपिकाला त्यात दुसरं काही दिसलं नाही. तपासायचं आहे तोवर माल लावा, देव नंतर लावू. तिने फोटो काढला, धुऊन घेतला, स्कॅन केला, पट्ट्या कापल्या. या वेळी चेहऱ्याची पट्टी अखंड ठेवली आणि कुठेही एंटर मारलं नाही. दोन्ही ब्राउझरमध्ये पाहिलं. मोठ्या पडद्यावर, लहान पडद्यावर पाहिलं. गणपती मुकुटापासून उंदरापर्यंत एकसंध होता. मग तिने विशालला मेल टाकली: 'नवीन चित्र लावलं आहे. तुझ्या मशीनवर कसं दिसतं ते कळव.'

त्याच आठवड्यात एका दुपारी क्लासच्या दारात नाथा उभा राहिला. पेणहून पॅसेंजरने आला होता, एकटाच, इस्तरीचा सदरा घालून. क्लासमधली मुलं आणि हैबतराव, सगळेच उठून उभे राहिले, कारण नाथाचं रूपच तसं होतं.

"उत्तर आलं काय?" त्याने बसायच्या आधीच विचारलं.

आलं होतं. दिपिकाने ते सकाळीच पाहिलं होतं आणि काय लिहावं ते न सुचून तसंच ठेवलं होतं. तिने ते उघडलं आणि वाचलं. 'फट गेली. रंग ठीक. रुंदी ठीक. पण डोळे दिसत नाहीत. मी दोन्ही ब्राउझरमध्ये पाहिलं, रंग कमी करून पाहिलं, शेजारच्या मशीनवर पाहिलं. बाकी सगळं येतं, फक्त डोळे येत नाहीत. तुमच्याकडे दिसतात का? कुठल्या मशीनवर दिसतात ते कळव, म्हणजे मला दोष शोधता येईल.'

"शेजारच्या मशीनवर पन बघितलं त्यानं," नाथा म्हणाला.

"व्हय."

"चार ठिकानी शोधलं."

"तो असाच तपासतो, बाबा."

नाथाने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. या वेळी त्याने हात मांडीखाली घातले नाहीत. टेबलावर ठेवले. ते कापत होते, आणि क्लासमधल्या पोरांना ते दिसत होते, हैबतरावांना दिसत होते, आणि नाथाने ते दिसू दिले. हैबतराव एरवी लाइन चालू असली की घड्याळ बघत येरझाऱ्या घालत. ते मुलांना म्हणाले, "चला, आज मैदानावर क्रिकेट," आणि स्वतःही बाहेर गेले. तेवढं त्यांना बरोबर कळलं.

"लिव," नाथा म्हणाला.

दिपिकाने बोटं कीबोर्डवर ठेवली.

"लिव की मशीनीत दोष नाय. कुठच्याच मशीनीवर डोले दिसनार नायत. काढलेच नायत. माझा हात कापतो ते लिव. तुझी आय सांगनार नाय, म्हनून मी सांगतो."

दिपिका लिहीत गेली.

"त्याचे डोले मी पुसले. माझ्यापेक्षा बरे होते म्हनून पुसले. ही माझी चूक. ही चूक असंच लिव, गोल गोल लिवू नको." मग नेहमीच्या खडसावणाऱ्या सुरात म्हणाला, "नि हे सगळे थांबलेत त्याच्यासाठी. येनार नसंल तर तसं कळव म्हनावं, मी दुसऱ्या कोनाकडं देनार नाय. असेच ठेवीन."

तिने मेल पाठवली. पाठवल्यावर नाथाला वाटलं की आता उत्तर येईल, लगेच, फोनसारखं. दिपिकाने समजावलं की तसं नसतं, तो कामात असेल, उद्याही येईल. नाथा हलायला तयार नाही. शेवटची पॅसेंजर चुकली तर वरशाला राहीन म्हणाला, जावयाकडे आयुष्यात कधी न राहिलेला माणूस. धनेश शिफ्ट संपवून बायकोला न्यायला आला आणि सासऱ्याला तिथे बघून दारातच थबकला. मग मुकाट्याने चहा घेऊन आला. नाथाने गिलास दोन्ही हातांनी धरला आणि जावयासमोर प्यायला.

ऊन उतरत आलं तेव्हा मेल आली. दिपिकाने उघडली, आणि वाचायच्या आधीच तिला कळलं, कारण एवढी छोटी मेल विशालने कधी पाठवली नव्हती.

'तपासलं. पान बरोबर आहे. त्यात काही बदलू नकोस. रजा टाकली आहे, ज्येष्ठात येतो. तोवर डोळ्यांना कुणाला हात लावू देऊ नका. बाबांनाही नाही.'

शेवटचे दोन शब्द ऐकून नाथा हसला. हसता हसता त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, आणि बराच वेळ बाही तोंडावरच ठेवली. धनेश खिडकीतून बाहेर बघू लागला. दिपिकाला वाटलं, आई आत्ता इथे हवी होती. चार वर्षं चुलीपाशी थांबलेल्या त्या बाईला हे सर्वांत आधी ऐकायला मिळायला हवं होतं.

"उत्तर लिव," नाथा बाहीआडून म्हणाला.

"काय लिवू?"

"विचार त्याला, कुंचला तिकडनं आननार का हितला चालंल. हितला पायजे असंल तर मी भिजत घालून ठेवतो, मऊ व्हायला येल लागतो."

दिपिकाने ते तसंच्या तसं लिहायला घेतलं. डोळे भरून आल्यामुळे तिला पडद्यावरची अक्षरं धड दिसत नव्हती, कुठे काय चुकलं तेही कळत नव्हतं. पण त्या दिवशी तिने काहीच तपासलं नाही, तशीच मेल पाठवून दिली.